काकूच्या झोपेच्या पिशव्या

काही माणसांना पित्ताचा त्रास असतो, काहींना सांधेदुखीचा. आमच्या काकूला हेव्याचा आहे. तोही कालपरवाचा नाही, चांगला मुरलेला. समोरच्या बिऱ्हाडाच्या दोरीवर ऊन आपल्या दोरीच्या आधी पोचतं, हे तिला लग्न होऊन आल्या दिवसापासून खुपतंय. प्रवासात शेजारणीला खिडकी मिळाली, तर काकू उतरेपर्यंत त्या खिडकीकडे बघत बसते. खिडकीबाहेर काय आहे याच्याशी तिला काही घेणं नसतं.

काकू एका मोठ्या हॉटेलच्या कपड्यांच्या खोलीत काम करते. वापरलेल्या चादरी मोजून धुवायला द्यायच्या, धुऊन आलेल्यांच्या घड्या घालायच्या, फाटलेले अभ्रे शिवायचे. लोक झोपतात कसे, हे ती माणसं न बघता चादरींवरून शिकली. घरी येऊन सांगायची, "आज कोपऱ्यातल्या खोलीची चादर आली, एक सुरकुती असेल तर शपथ! मेला लाकडासारखा पडला असणार रात्रभर. नशीब लागतं हो एकेकाला!"

हे शेवटचं वाक्य काकांकडे बघून असायचं. काका रात्रीची लांब पल्ल्याची बस चालवतात. सकाळी घरी यायचं, जेवायचं आणि दिवसा झोपायचं. पण खाली मुलं खेळतात, वर कुणी खुर्ची सरकवतं, आणि ऊन तर पडद्याला जुमानत नाही. काकांचा डोळ्याला डोळा लागत नसे. डेपोतल्या साहेबांनी त्यांना एकदा बोलावून सांगितलं होतं, "पुन्हा जांभया देताना दिसलात तर रात्रीची गाडी काढून घेईन. बसा मग यार्डात, गाड्या धुवून घेत." काकांना ती गाडी जिवापेक्षा प्यारी. मोकळी सडक, मागे चाळीस माणसं गाढ झोपलेली आणि त्या सगळ्यांची झोप आपल्या हातात, असं ते सांगायचे. स्वतःची तेवढी हातात नव्हती.

एकदा हॉटेलात धुवायला आलेल्या अभ्र्यात कुणा पाहुणीची विसरलेली कापडी पिशवी काकूला सापडली. तळहाताएवढी, आत वाळलेली लॅव्हेंडरची फुलं. काकूनं ती हुंगली आणि तिथल्या तिथे तिच्या पोटात दुखलं. एका अनोळखी बाईकडे असली वस्तू असावी आणि आपल्याकडे नसावी! महिनाभरात आमच्या इमारतीतल्या खालच्या गॅलरीत लॅव्हेंडरच्या कुंड्या आल्या. हॉटेलातले फाटके अभ्रे कापून तिनं पिशव्या शिवल्या. आत वाळलेली फुलं, झोप आणणाऱ्या कॅमोमाइलची थोडी फुलं आणि वर लॅव्हेंडरच्या तेलाचे तीन थेंब. पुढं बदामाच्या तेलात मेण वितळवून कपाळाला लावायचं मलम आलं, उशीवर मारायचा फवारा आला. स्वयंपाकघरातल्या भांड्यांना सुट्टी नव्हती. काकांचा चहासुद्धा झोपेचा वास घेऊन यायचा.

आणि गंमत म्हणजे काका झोपले. दुपारी असे घोरले की वरच्या मजल्यावर आम्ही खुर्च्या उचलून ठेवू लागलो. शेजारणी पिशव्या मागायला आल्या. हॉटेलातल्या बायकांनी मागितल्या. काकूला लोक "झोपवाली" म्हणू लागले. जन्मात पहिल्यांदा इतरांच्या पोटात दुखतंय आणि आपल्या नाही, हा अनुभव काकू घेत होती. त्या आनंदाच्या भरातच तिनं आपल्या धाकट्या जावेला ही विद्या शिकवली.

धाकटी जाऊ म्हणजे माझी आई.

आई चष्म्याच्या दुकानात काम करते आणि घरी आल्यावर शक्य तेवढं काहीच करत नाही. तिच्या शिलाईकडे बघून काकू म्हणाली होती, "अगं धाकटे, टाके घातलेस की उंदरानं कुरतडलं?" आई हसली. "झोपेत कोण टाके बघतंय, ताई?" तिनं दोन पिशव्या केल्या, आमच्या सोफ्यावर टाकल्या आणि विद्या तिथंच संपवली.

वर्ष गेलं आणि काकांची झोप पुन्हा उडाली.

काकूनं आधी तेलवाल्यावर संशय घेतला. "भेसळ करतो मेला. बाटली नाकाशी धरली तरी वास येत नाही!" तिनं दुकान बदललं. मग थेंब वाढवले. मग थेंब मोजणं सोडून बाटलीच उपडी करायला लागली. पडद्यांवर फवारा, चादरींवर फवारा, काकांच्या बनियनवर फवारा. दुपारी काका डोळे मिटून पडायचे आणि डोळ्यांतून पाणी गळायचं. काकू विचारायची, "काय झालं?" काका म्हणायचे, "काही नाही, बरं वाटतंय."

एवढ्यात शेजारणींनी पिशव्या मागणं बंद केलं. एकीनं तिची पिशवी चपलांच्या कपाटात ठेवली होती, दुसरीनं कसर लागू नये म्हणून लोकरीच्या कपड्यांत. काकूनं विचारलं की दोघी म्हणायच्या, "छान आहे हो, अजून चालू आहे." खरं सांगायची कुणाची छाती नव्हती. काकूला मात्र कारण स्पष्ट दिसत होतं. "जळतात माझ्यावर," ती म्हणाली. या विषयात तिच्याइतका अनुभव दुसऱ्या कुणाला नव्हता, त्यामुळे वाद कोण घालणार?

मग तिला काकांच्या कोटाच्या खिशात एक पिशवी सापडली.

तिची नव्हती. टाके उंदरानं कुरतडल्यासारखे होते.

काकू जिना चढून वर आली ती पिशवी दोन बोटांत मेलेल्या पालीसारखी धरून. मी दार उघडलं.

"तुझी आई कुठंय?"

"आत आहे. काय झालं काकू?"

"तू मध्ये बोलू नकोस. धाकटे! बाहेर ये. हे काय आहे?"

आई पदराला हात पुसत आली. पिशवी बघून तिचा चेहरा उजळला. "अय्या, मिळाली का? मी शोधत होते."

"यांच्या खिशात होती! यांच्या खिशात तुझी पिशवी काय करत होती?"

मग सगळं बाहेर आलं. काका दुपारी "पेपर वाचून येतो" म्हणून वर यायचे, ते आमच्या सोफ्यावर आडवे व्हायचे. आईनं टाकलेल्या पिशवीवर डोकं ठेवलं की पंधरा मिनिटांत पेपर छातीवर. जाताना एकदा पिशवी बरोबर नेली, गाडी पोचते त्या गावच्या डेपोत आडवं पडायला बरी म्हणून.

काकूचा आवाज चढला. "म्हणजे माझा नवरा इतके दिवस हिच्याकडे येऊन झोपतोय!"

जिन्यात तीन दारं एकदम उघडली. काकूनं जीभ चावली, पण वाक्य आता परत येणार नव्हतं. आई भिंतीला टेकून हसत होती, ते बघून काकूच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं पिशवी नाकाशी नेली, जोरात श्वास घेतला आणि म्हणाली, "आणि वास तरी आहे का याला? नुसती चिंधी! या चिंधीवर झोपतात आणि माझ्या मलमाला नाक मुरडतात!"

मला त्या पिशवीचा मंद वास दारात उभ्या उभ्या येत होता. पण जळत्या लाकडाला कोण हात लावणार?

त्या दिवसापासून काकांना वर यायची बंदी झाली. काका मवाळ माणूस. ते खालीच पडून राहू लागले, डोळ्यांतून पाणी गाळत. काकूनं उशीच्या दोन्ही अंगाला पिशव्या लावल्या, पायथ्याशी लावल्या, एक तर त्यांच्या गळ्यात अडकवली. "बघू या आता कुणाची पिशवी जिंकते," असं ती कुंड्यांना पाणी घालताना म्हणाली. समोर कुणी नव्हतं.

आठवडा नाही झाला तोच काकांच्या बसचा आरसा डेपोच्या खांबाला घासला. कुणाला लागलं नाही. पण साहेबांनी सांगितलं, "शेवटची संधी. महिनाअखेर तपासणी आहे. तारवटलेले डोळे घेऊन आलात तर यार्डात." काका घरी आले आणि जेवले नाहीत. काकूनं त्यांना काही विचारलं नाही, पण त्या दुपारी तिनं दोन बाटल्या तेल संपवलं.

तेवढ्यात तिच्या मुलीनं, म्हणजे माझ्या चुलतबहिणीनं, घर बदललं आणि सामान लावायला काकूला बोलावलं. जावं की न जावं यात काकू दोन दिवस घुटमळली. शेवटी गेली. जाताना खिडक्या गच्च लावल्या, वास उडून जाऊ नये म्हणून. काकांना बजावलं, "खालीच झोपायचं. मला कळेल."

काका तिला स्टॅंडवर सोडून आले आणि तडक आमच्या सोफ्यावर.

काकू सांगितल्यापेक्षा एक दिवस आधी परतली. पकडायलाच आली होती, दुसरं काय! मी तेव्हा जिन्यातून खाली उतरत होतो. तिनं कुलूप उघडलं, दार ढकललं आणि दोन पावलं मागे आली. नाकाला पदर लावला. शिंकली. पुन्हा शिंकली.

"हे काय आहे? कुणी काय सांडलंय माझ्या घरात?"

"कुणी गेलंच नाही काकू आत."

"खोटं बोलू नकोस! डोकं फुटेल माणसाचं! तुझ्या आईची करणी आहे ही. मी नाही असं बघून अख्खी बाटली ओतलीन माझ्या घरात!"

ती तशीच प्रवासाची पिशवी खांद्याला लावून वर निघाली. मी मागोमाग. दारात आईनं ओठांवर बोट ठेवलं. सोफ्यावर काका झोपले होते, तोंड उघडं, एक हात जमिनीवर लोंबकळत. तपासणी दुसऱ्याच दिवशी होती. काकूला आयुष्यातलं पहिलं भांडण कुजबुजत करावं लागलं.

"काय ओतलंस माझ्या घरात?" ती फुसफुसली.

"काही नाही, ताई."

"मग तो वास कसला? श्वास घेववत नाही!"

"हळू बोला, भावजी उठतील."

"माझा नवरा आहे तो, मी उठवीन नाहीतर..." इथं काकू थांबली. वाकून ती काकांच्या डोक्याखालची पिशवी हुंगायला लागली. एकदा, मग परत एकदा, डोळे मिटून. हॉटेलातल्या त्या पाहुणीच्या पिशवीला हुंगताना ती अशीच दिसली असणार.

"याला तर वास आहे," ती म्हणाली. "हा माझा वास आहे. पहिल्या पिशवीचा."

"तुमचाच आहे," आई म्हणाली. "तुम्ही सांगितलात तेवढेच तीन थेंब. बाटली वाकवायचा मला कंटाळा येतो."

"मग माझ्या घरात कुणाचा आहे?"

काकांनी झोपेत ओठ चाटले. काकू आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत राहिली, आणि मग तिला कळलं. आठवडाभर दुसऱ्याच्या घरी राहून तिचं नाक माघारी आलं होतं; त्याआधी ते रोजच्या वासानं बहिरं झालं होतं आणि ती त्याच्या कानात ओरडत सुटली होती. ती मटकन स्टुलावर बसली.

"सांगायचं नाही होय रे मेल्यांनो?"

"कोण सांगणार?" आई म्हणाली. "तुम्ही म्हणाला असतात, जळते."

"जळतेसच," काकू म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता.

काका पोटभर झोपून तपासणीला गेले आणि गाडी राहिली. काकूनं पडदे धुतले, खिडक्या सताड उघडल्या, पिशव्या उसवून नव्यानं भरल्या. अडचण एकच उरली. रोज तेलात हात घालणाऱ्या काकूचं नाक चार दिवसांत पुन्हा बहिरं व्हायचं. म्हणून आता प्रत्येक नवी पिशवी, मलमाची प्रत्येक डबी वर येते. आई सोफ्यावरून न उठता हुंगते आणि म्हणते, "जरा जास्त झालंय, ताई." काकू डबी घेऊन पाय आपटत खाली जाते. जिन्यात तिचं बोलणं ऐकू येतं, "देवानं नाक दिलं तेही कुणाला, तर जिला ते वापरायचाही कंटाळा!"

काका आता आपल्याच घरी झोपतात. उशाला दोन पिशव्या असतात, एक काकूच्या सरळ टाक्यांची, एक आईच्या कुरतडलेल्या टाक्यांची. काकांनीच तसं मागितलं. म्हणाले, सवय झाली. परवा मी दुपारी खाली डोकावलो तर काका गाढ झोपलेले, गाल आईच्या पिशवीवर. काकू शेजारी उभी. तिनं एका हातानं काकांचं डोकं अलगद उचललं, दुसऱ्या हातानं आपली पिशवी खाली सरकवली आणि आईची उचलून थेट पायथ्याशी नेऊन ठेवली. मग माझ्याकडे लक्ष गेलं.

"काय बघतोस? टाके टोचतात त्यांना," ती म्हणाली.