मडगार्डवर हाणलेला नारळ

दर दसऱ्याला मालकांच्या मोटारीची पूजा व्हायची आणि चाकापुढच्या दगडावर नारळ मी फोडायचो. मालक भूम गावचे अडत व्यापारी. गावात मोटार एकट्या त्यांची आणि ती चालवणारा एकटा मी. कुणी मोटारीबद्दल काही विचारलं की ते माझ्याकडे बोट करून म्हणत, "त्यातलं ह्याला इचारा." एवढं ऐकलं की माझी छाती फुगायची.

त्या वर्षी पूजा बघायला सगळी पेठ लोटली होती. मला चेव आला. दगड सोडून मी नारळ थेट पुढच्या मडगार्डवर हाणला. लोखंडाला काय होतंय! नारळ उडून धुळीत पडला, शाबूत. मडगार्डला मात्र वाटीएवढा पोचा पडला. हसायचीही कुणाची छाती झाली नाही. मालक एवढंच म्हणाले, "तुझ्याकडून असं हुईल वाटलं न्हवतं."

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. गाडीच्या रंगाचा डबा हैदराबादेतही मिळत नव्हता. म्हणजे पोचा काढायचा, पण रंगाचा टवका उडता कामा नये. आतून हातोडीनं ठोकतो म्हणालो, तर मालकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी बाजारातल्या तांबटाला बोलावलं. घागरी-हंड्यांचे पोचे काढणारा म्हातारा, जन्मात कधी मोटारीत बसला नव्हता. आणि माझ्या मोटारीला हा हात लावणार! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उडू दे रंग, होऊ दे फजिती, असं मी मनात म्हणत होतो.

त्यानं आणलं काय, तर एक लाकडी मोगरी आणि वाळूची पिशवी. आधी त्यानं मोटार दुपारपर्यंत उन्हात उभी करायला लावली. "गार रंग तडकतोय," म्हणाला. मग मडगार्डखाली आडवा झाला आणि पिशवी बाहेरून दाबून धरायचं काम मला दिलं. "डायवर, म्या सांगतो तितं धरा. हलू नगा."

पोच्याच्या कडेनं तो मोगरीचे हलके टोले देत फिरू लागला. मधूनच हात बाहेर काढून, डोळे मिटून, तळव्यानं पत्रा चाचपायचा. "डोळ्याला दिसंना झालं तरी हाताला लागतंय," म्हणायचा. मीही गुपचूप तळवा फिरवून पाहिला. मला काही लागलं नाही. मालक स्टूल घेऊन जवळ येऊन बसले. मी बोनेट उघडून तासन्‌तास खपत असे, तेव्हा ते कधी असे बसले नव्हते. त्यांनी घरातून चहा मागवला, तोही फक्त त्याच्यासाठी. जमलेल्या लोकांना म्हणाले, "लई गुणी हात हाय ह्याचा."

पोचा जवळजवळ गेला होता. शेवटचे दोन-तीन टोले उरले असतील. मी पिशवी बोटभर सरकवली. चुकून नाही, मुद्दाम. टोला बसला आणि जवारीच्या दाण्याएवढा रंगाचा टवका उडाला.

तांबट बाहेर आला. त्यानं टवका पाहिला, सरकलेली पिशवी पाहिली, मग माझं तोंड पाहिलं. आता हा सांगणार आणि माझी चाकरी जाणार, असं मला वाटलं. तो धोतराच्या सोग्यानं पत्रा पुसत म्हणाला, "माझा हात चुकला, मालक." आणि मोगरी उचलून निघून गेला.

पोचा असा गेला होता की कुठं होता ते सापडेना. पण मालक येईल त्याला तो टवकाच दाखवत. "भांड्याकुंड्यांचा माणूस त्यो. मोटारीचं काम न्हवं त्याचं," म्हणत. तांबटाला पुन्हा कधी बोलावणं गेलं नाही. कुणी मोटारीचं काही विचारलं की मालकांचं बोट परत माझ्याकडे वळू लागलं. मला हवं होतं ते सगळं झालं.

रोज सकाळी मोटार पुसताना फडक्याचा धागा त्या टवक्यात अडकायचा. बाजारात तांबट भेटला की आपणहून विचारायचा, "मोटार बरी हाय न्हवं, डायवर?" आवाजात खोच नसायची, मी कान देऊन ऐकायचो. एखाद्या वेळी तरी टोचून बोलला असता, तर बरं वाटलं असतं. "व्हय, बरी हाय," एवढंच म्हणून मी पुढं सटकायचो. त्याच्या हातावर मी एकच दिवस जळलो; 'माझा हात चुकला' या त्याच्या एका वाक्यावर अजून जळतो.