बर्फावरच्या मामासाठी जीपीएस

मंदी आली आणि आमच्या शारजाच्या बिल्डिंगमधले मजले एकेक करून शांत होत गेले. लिफ्ट मधल्याच मजल्यावर थांबायची, दार उघडायचं, कुणी आत यायचं नाही, दार मिटायचं. मामाही देश सोडून गेला, त्यानंतर मी त्या दाराकडे बघणं सोडलं.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. तो दुबईत ड्राफ्ट्समन होता आणि राहायचा आमच्याकडेच. त्याच्या कंपनीचे टॉवर अर्धवट थांबले, नोकरी गेली आणि तो कॅनडाला गेला, एका गोदामात कामाला. सुट्टीच्या दिवशी तो सहकाऱ्याबरोबर गोठलेल्या तळ्यावर जायचा. बर्फाला भोक पाडायचं, त्यातून गळ सोडायचा आणि तंबूत बसून राहायचं. पहिल्याच हिवाळ्यात तो तंबूतून एकटा बाहेर पडला आणि वाऱ्यानं बर्फ असा उडाला की त्याला स्वतःचे हात दिसेनात. सहकारी गाडीचा हॉर्न वाजवत राहिला. त्या आवाजावर तो परत आला.

फोनवर त्यानं हे सगळं हसत सांगितलं. आई हसली नाही. त्यानंतर ती पोळ्या लाटताना मधेच थांबायची.

"काय झालं?" बाबा विचारायचे.

"हॉर्न वाजला ना?"

शारजात दिवसभर हॉर्न वाजतात.

शेवटी तिनं ठरवलं, त्याला वाट दाखवणारं यंत्र पाठवायचं. बाबा म्हणाले, "अगं, कॅनडात काय मिळत नाहीत?"

"मिळतात. तो घेणार नाही."

दुबईच्या देरा बाजारातल्या दुकानदारानं काचेवर सगळ्यात मोठं टचस्क्रीनचं यंत्र ठेवलं. "मॅडम, डेझर्टवाले सब यही लेते हैं."

"बर्फ में चलेगा?"

बाहेर डांबर मऊ झालं होतं. तो बाबांकडे बघून हसला. "बर्फ में जाना क्यों है, मॅडम?"

"मेरा भाई जाता है," आई म्हणाली. मग तो हसला नाही.

आमच्या घरात खोक्यावरचं इंग्रजी वाचायचं काम माझं. दुकानदारानं मांडलेली तिन्ही खोकी मी वाचली आणि बाबांना हळूच म्हटलं, "बटणांचं घ्या. जाड हातमोजे घातल्यावर स्क्रीनला बोट कळत नाही." त्या दुकानात मी एवढंच बोलले. आम्ही बटणांचं घेतलं. ते जाड होतं, दिसायला अगदीच साधं.

घरी आल्यावर आईनं ते चालू करून फ्रीझरमध्ये ठेवलं, सुरमईच्या पिशव्यांमध्ये. संध्याकाळी काढलं तर स्क्रीन काळी. बाबा थंडीत टिकणारे लिथियमचे सेल घेऊन आले. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं फ्रीझर उघडला तेव्हा माशांच्या मधोमध हिरवट उजेड होता. ती बघत उभी राहिली. "जिवंत आहे," म्हणाली आणि दार अगदी हळू लावलं.

द्यायच्या आधी तिनं त्याला हळदकुंकू लावलं. मग मला म्हणाली, "रिकामं नको द्यायला. आपण साधा डबा रिकामा परत देत नाही. आपलं घर घाल त्यात." आम्ही दोघी गच्चीवर गेलो. उपग्रह सापडेपर्यंत ती यंत्र आकाशाकडे धरून उभी होती. मग मी आमची जागा नोंदवली आणि तिला नाव दिलं, होम. बाबांच्या ऑफिसमधले एक गृहस्थ टोरंटोला चालले होते, त्यांच्याबरोबर ते गेलं आणि तिथून टपालानं पश्चिमेला, मामाकडे.

पुढच्या हिवाळ्यात मामाचा फोन आला. बाबांनी स्पीकर लावला.

"ताई, तुझं यंत्र चांगलं आहे. पण त्यानं मला तळ्याच्या मध्यावर नेलं."

पुन्हा बर्फ उडाला होता. किनाऱ्याची जागा त्यानं यंत्रात नोंदवली होती, पण नाव न देता, नुसत्या नंबरावर. घाईत त्याला होम दिसलं, त्यानं तेच निवडलं. बाण वळला, तो चालू लागला.

"शारजा इथून उत्तरेला आहे, ताई. मला माहीतच नव्हतं. पृथ्वीच्या डोक्यावरून."

"कळलं कधी तुला?" बाबांनी विचारलं.

"अंतर बघितलं तेव्हा. अकरा हजार किलोमीटर."

"आणि थांबलास," आई म्हणाली.

 

"लगेच नाही. एक किलोमीटर कमी होईपर्यंत चाललो. म्हटलं, बघू तरी कमी होतंय का."

मग यंत्रावर त्याच्या स्वतःच्या पावलांची रेघ उमटलेली होती, ती धरून तो मागे आला. ते त्यानं भरभर सांगून टाकलं.

आई खुर्चीवरून उठली. "यंत्र जवळ आहे? हातात घे. आपलं घर पूस."

"राहू दे गं. आता लक्षात राहील."

"पूस म्हणते ना. आणि त्या किनाऱ्याला नाव दे, होम."

"ताई, तिथं गाड्या लावायची जागा आहे आणि एक संडास. त्याला होम म्हणू?"

"म्हण."

बटणांची टकटक ऐकू आली. थांबली. पुन्हा सुरू झाली. आमच्यापैकी कुणी एकमेकांकडे बघितलं नाही.

"झालं," मामा म्हणाला.

"जेवलास का?" आईनं विचारलं. त्यानं खिचडी केली होती. बाबांनी फोन ठेवला.

"आता चुकायचा नाही तो," आई म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "इकडेही यायचा नाही."