पत्र्याच्या टबातली सागरमाता

आमच्या घरात तोंड सुकलेल्या गोंदाच्या ट्यूबा जितक्या आहेत, तितके किस्से आहेत. ट्यूब फेकायला काढावी, तर तिच्यामुळे बुडालेली एखादी होडी आठवते आणि ट्यूब पुन्हा ड्रॉवरमध्ये जाते. बायको म्हणते, "गोंद सुकला, तुमच्या गप्पा काही सुकत नाहीत."

नव्वदच्या दशकात माणिकपूरला आम्ही तिघं मॉडेल होड्या बनवायचो. मी ऑफिसात फायली हलवणारा. सावंत ड्राफ्ट्समन, मूळचा मालवणचा आणि जन्मजात घाबरट. लॉरेन्स शाळेत ड्रॉइंग शिकवायचा, पाचूबंदरच्या कोळ्याचा मुलगा. होड्यांसाठीचं खास सामान तेव्हा वसईत कुठलं मिळायला! जे लागेल ते हार्डवेअरच्या दुकानातून, नाहीतर घरच्या बाथरूममधून. रविवारी गिरीजच्या बाजूच्या तलावात होडी सोडायची आणि श्वास रोखून उभं राहायचं.

लॉरेन्सची आई पण यायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. नवरा गेल्यावर ती लॉरेन्सच्या फ्लॅटवर राहायला आली होती, पण जीव सगळा पाचूबंदरला, कारण धाकटा अंतोन अजून मासेमारीला जायचा. पाण्यावर आमची होडी असली की ती काठाला लागेपर्यंत मावशी जागची हलायची नाही.

*

सावंतची पहिली होडी फारच देखणी होती. प्लायवूडची, पॉलिश मारलेली. सुतार वापरतात तो पांढरा गोंद त्याने सढळ हाताने लावला होता. होडी तलावाच्या मध्यापर्यंत ऐटीत गेली. मग तिचा तळ शांतपणे सुटून बाजूला तरंगू लागला आणि बाकीची होडी खाली गेली.

सावंत तडक दुकानात. "हा गोंद पाण्यात टिकत नाही, हे सांगायचं नाही का?"

दुकानदार म्हणाला, "साहेब, कपाट कोण पाण्यात ठेवतं?"

तलावावर मात्र मावशीने कपाळावर क्रूस काढला होता. "नाव काय होतं तिचं?" तिने विचारलं.

"नाव नव्हतं ठेवलं, मावशी."

"बरं केलं," ती म्हणाली. त्यांच्या घरची समजूत अशी, की बिननावाची होडी बुडली तर नुसतं लाकूड जातं. नाव असलेली बुडली तर त्या नावाचं जे कुणी असेल, त्यालाही घेऊन जाते. तेव्हापासून सावंतने एकाही होडीला नाव दिलं नाही.

*

मी त्यातून धडा घेतला आणि सिलिकॉन वापरलं. बाथरूमच्या फटी भरायला प्लंबरने आणून ठेवलेली अख्खी नळी मी होडीत रिकामी केली. घरभर व्हिनेगरचा वास. वरून रंग लावला, तर तो सिलिकॉनवर बसेना. होडीला कोड फुटल्यासारखे पट्टे दिसायला लागले. पण थेंबभर पाणी आत आलं नाही, हे कबूल करावं लागेल.

बाथरूमच्या फटी अर्थातच तशाच राहिल्या. आठवड्याभरात खालच्या मजल्यावरच्या वर्टीकाकांच्या छताला ओल आली. ते वर आले, बाथरूम बघितलं, हॉलमधली होडी बघितली आणि म्हणाले, "ही कोरडी आहे ना? मग झालं."

*

इन्स्टंट ग्लूचा किस्सा पुन्हा सावंतचाच. डोलकाठी चिकटवताना बोटं चिकटली. दोन डोलकाठीला, एक डेकला. ओढायची हिंमत होईना, चामडी निघेल ही भीती. शेवटी मी त्याला होडीसकट रिक्षात बसवून डॉक्टरांकडे नेलं. संपूर्ण रस्ता तो एकच विचारत होता, "बोटं कापावी लागतील का रे?"

दवाखान्यात कंपाउंडरने आधी सावंतकडे पाहिलं, मग होडीकडे, आणि पेन उघडत विचारलं, "पेशंट कोण?"

शेवटी डॉक्टरीणबाईंच्या नेलपॉलिश रिमूव्हरने सावंत सुटला.

*

आणि आता टबातला किस्सा.

लॉरेन्सने अंतोनच्या होडीचं मॉडेल केलं. चर्चच्या सणाला मांडायला. सागाच्या पट्ट्या, दोन ट्यूबवाला गोंद, रंग हुबेहूब. आणि हौसेच्या भरात पुढच्या टोकाला खऱ्या होडीचं नाव घातलं, सागरमाता. गळते का बघायला त्याने ती घरातल्या पत्र्याच्या टबात सोडली. अंतोन आदल्याच दिवशी समुद्रावर गेला होता.

मावशीने नाव पाहिलं आणि हातातली सुरी खाली ठेवली.

"पान्यात गेली ना आता? मंग अंतोन घरी येईस्तोवर भायेर काढायची नाय. आनि बुडवायची तर नायच नाय."

लॉरेन्स हसला. मग होडी गळायला लागली आणि त्याचं हसू गेलं.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला. बंदरावर धोक्याचा बावटा लागला. एकेक होडी परत आली, अंतोनची आली नाही. तेव्हा मोबाइल कुठले! पाचूबंदरला जाऊन विचारायचं आणि मान खाली घालून परत यायचं, एवढंच हातात होतं. समुद्रातल्या होडीसाठी आम्हाला काहीच करता येत नव्हतं, म्हणून आम्ही टबातल्या होडीला जपत बसलो. कापसाने आतलं पाणी टिपायचं, पिळायचं, पुन्हा टिपायचं. तीन शिकलेली माणसं टबाभोवती उकिडवी बसलेली. पण एकालाही हसू येत नव्हतं.

अडचण ही, की होडी बाहेर न काढता भोक बुजवायचं. ओल्या लाकडावर सिलिकॉन धरेना, पांढऱ्या गोंदाची तर आठवणही नको. शेवटी सावंतने प्लंबर लोक नळाला लावतात ती पुट्टी आणली. दोन रंगांच्या वड्या, कणकेसारख्या मळायच्या. त्याने आतून फटीवर दाबली.

मावशी निरखून बघत होती. "पान्यात पन सुकते ही?"

"पाण्यात काय, मावशी, पत्र्याला लागली तर छिन्नीने काढावी लागेल."

गळणं कमी झालं, थांबलं नाही. संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा होडी एका अंगाला कलली होती. लॉरेन्स जिना उतरून खालपर्यंत आला आणि मला म्हणाला, "ही बुडली तर आईला काय सांगू?" खरं सांगतो, त्या घटकेला मीही त्या समजुतीवर विश्वास ठेवून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो, तर होडी सरळ! कलणं नाही, डुलणंसुद्धा नाही. टबातलं पाणी मात्र बरंच उतरलं होतं. टबच गळतोय म्हणून सावंतने त्यालाही बाहेरून सिलिकॉन फासलं आणि पाणी पुन्हा भरलं. "पुट्टीने काम केलं," तो म्हणाला. मावशी कोपऱ्यात रोझरी म्हणत होती.

अंतोन तिसऱ्या दिवशी सकाळी आला. दाराशी डिझेलचा वास आणि लाल डोळे. वाऱ्यात वर डहाणूकडे एका खाडीत शिरून थांबले होते. मावशीने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि पीठ मळायला निघून गेली. लॉरेन्स भिंतीकडे तोंड करून रडला. सावंत उघड उघड रडला.

मग अंतोनला टब दिसला. "ही माझी?" म्हणत त्याने वाकून होडी दोन्ही हातांनी उचलली.

होडीबरोबर टबही उचलला गेला. पाणी लादीभर झालं.

आम्ही वाकून बघितलं. होडीच्या कण्याखाली पुट्टीचा भला मोठा गोळा होता, पत्र्याला घट्ट बसलेला. त्यावर अंगठा दाबल्याची खोल खूण होती. आदल्या दिवशी टबातलं पाणी का उतरलं होतं, तेही आत्ता कळलं: होडी तळाला टेकवायला कुणीतरी ते उपसलं होतं.

"कोनी लावली?" अंतोनने विचारलं.

सावंतने देवाची शपथ घेतली. मी बायकोची घेतली. लॉरेन्सने नुसती मान हलवली. मग आम्ही सगळेच स्वयंपाकघराकडे बघायला लागलो.

दारात उभ्या मावशीने पिठाचा हात पदराखाली घेतला, पण आम्हाला दिसायचं ते दिसलं. अंगठ्याच्या नखात पुट्टी वाळली होती, ती पिठापेक्षा करडी दिसत होती.

"आता काढा भायेर," ती म्हणाली. "आता बुडली तरी चालेल."