तानूबाईंचा गुलाबी कॅमेरा

लग्नात फोटोग्राफरच्या पुढं कुणी उभं राहायचं नाही, हा माझा नियम. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत माझा स्टुडिओ आहे, बावीस वर्षं लग्नं काढतोय. नवरीच्या मामांना बाजूला केलंय, एकदा तर एका नगरसेवकालाही केलंय. पण कबनूरच्या तानूबाई काही हलल्या नाहीत.

बाईंच्या हातात काय, तर मांजराचे कान लावलेला गुलाबी प्लॅस्टिकचा कॅमेरा. पोरांच्या खेळण्यातला. धाकट्या नातीला वाढदिवसाला आलेला, तिला मोबाईल मिळाल्यावर कपाटाखाली गेलेला. त्याचा पडदा आपटून कायमचा काळा झाला होता, त्यामुळं आत काय टिपलंय ते कॉम्प्युटरला जोडल्याशिवाय कळायचं नाही. बाई तो छातीशी धरायच्या आणि अंदाजानं बटण दाबायच्या.

"मावशी, बाजूला व्हा. फ्रेममध्ये येताय."

"मग तू हो की बाजूला. नात माझी हाय."

मंडपातली माणसं हसली, मीही हसलो. त्या कॅमेऱ्यामागचं सगळं मला नंतर कळलं.

तानूबाईंनी चाळीस वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरल्या. सूत अंगठ्यावरून धावत राहिलं आणि अंगठ्याच्या रेषा घेऊन गेलं. रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा उमटेना. दुकानदार म्हणाला, "आजी, तुमचा अंगठाच दिसत न्हाय." बाई म्हणाल्या, "मग मशीनला चष्मा लावा. मला चांगला दिसतोय." आणि धान्य मिळेपर्यंत दुकानाच्या पायरीवरून उठल्या नाहीत. मोबाईलची काचही त्यांचं बोट ओळखायची नाही. चारदा दाबलं तरी ढिम्म. मुलगा अण्णासो चारचौघांत सांगायचा, "आईला ह्यातलं काय जमत न्हाय."

गुलाबी कॅमेऱ्याला मात्र खरंखुरं बटण होतं, दाबलं की कट्ट वाजणारं. ते बाईंचं ऐकायचं. मग त्यांनी गल्ली काढली, शेळी काढली, मागावरच्या बायका काढल्या. थोरली नात श्रुती ते फोटो कॉम्प्युटरवर घेऊन दाखवायची. रंग उडालेले, कडा पुसट, निम्मे हललेले. तरी बायका तेच मागून न्यायच्या. मोबाईल सगळ्यांना गोरंपान करून एका साच्यात घालतो. ह्या फोटोंत त्यांना आपला चेहरा ओळखू यायचा.

श्रुतीचं लग्न ठरलं तेव्हा अण्णासोनं बजावलं, "त्ये खेळणं आणू नगं. पावण्यांत हसं हुईल."

"माझ्या लग्नात फोटू न्हवता," बाई म्हणाल्या. "तुझा बाप गेला, तवा मतदान कार्डावरचा मोठा करून लावला. त्यात त्यो चोरागत दिसतोय. श्रुतीनं हार घातल्याला फोटू मीच काढणार. हसूदेत कोण हसतंय त्ये."

आणि खरंच काढला, म्हणजे आम्हाला तसं वाटलं. त्रिशरण-पंचशील झालं, पांढऱ्या साडीतल्या श्रुतीनं बुद्धभूषणच्या गळ्यात हार घातला, फुलं उधळली. मला हवा तो क्षण मिळाला, फक्त कोपऱ्यात एक सुरकुतलेला हात आणि गुलाबी मांजर. माझी बायको संयोगिता अल्बमचं काम बघते. मी तिला सांगितलं, "ते खोड." आता खोडणं सोपं झालंय. माउस फिरवला की माणूस गायब.

आठ दिवसांनी तानूबाई एसटीनं कोल्हापुरात आल्या, कॅमेरा पदरात गुंडाळून. "पोरा, हार घातल्याला फोटू काढून दे."

कॅमेरा जोडला. एकसष्ट फोटो होते. एकसष्टच्या एकसष्ट तानूबाईंचे! बाजूचं छोटं बटण कधीतरी दाबलं गेलं होतं, आणि पुढच्या भिंगाऐवजी स्वतःचा फोटो काढायचं पाठीमागचं भिंग चालू राहिलं होतं. हनुवटी, भलंमोठं नाक, वर मंडपाची झालर. संयोगिता हसली, मीही फसकन हसलो.

बाई हसल्या नाहीत. स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "एक बी न्हाय?"

समजूत काढायला मी घाईनं माझा हाराचा फोटो उघडला. "हा बघा मावशी, कसा आलाय."

बाईंनी बराच वेळ बघितलं. मग कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हितं माझा हात हुता. तूच म्हनलास की, फ्रेममध्ये येताय."

मी माउसवरचा हात काढून घेतला.

"बरं, मी कुठं हाय तुझ्यात?"

शोधलं. अडीच हजार फोटो होते. कुटुंबाच्या फोटोत त्या नव्हत्या, कारण तेव्हा त्या खाली कॅमेरा धरून उभ्या होत्या आणि आम्ही कुणी वर बोलावलं नव्हतं. ज्यात आल्या होत्या, त्यातून मी त्यांना खोडलं होतं. ज्या बाईनं नवरीला अंगाखांद्यावर वाढवलं, ती माझ्या अडीच हजारांत नव्हती. मला स्वतःची लाज वाटली. वरवरची नाही, चांगलीच वाटली.

बाईंनी पदर खोचला. "माझं पुन्हा लाव."

त्या एकेक फोटो बघू लागल्या. विसाव्याला रडत होत्या, तिसाव्याला कुणावर तरी खेकसत होत्या, बहुतेक माझ्यावरच. एके ठिकाणी म्हणाल्या, "थांब." नाक फुगलेलं, तोंड उघडं, डोळे भरलेले. जाड चष्म्याच्या काचेत दोन पांढरे ठिपके.

"ही बघ श्रुती. हार घालाय लागलीया."

"मावशी, ती उजेडाची चमक आहे. असल्या कॅमेऱ्यात एवढं बारीक काही येत नाही."

"तवा मी कुणाकडं बघत हुतो त्ये तुला ठावं का मला? ह्यो फोटू अल्बमच्या पयल्या पानावर लाव. आणि माझा हात हुता तिथं परत घाल."

"पहिल्या पानावर? अण्णासो काय म्हणतील?"

"त्येला काय म्हणायचं त्ये माझ्याफुडं येऊन म्हण म्हणावं."

त्या गेल्यावर मी मूळ फोटो काढून हात परत आणला, मांजराच्या कानांसकट. संयोगिता पहिलं पान लावत होती. सवयीनं तिनं चष्म्यावर माउस नेला.

"हे दोन ठिपके काढू?"

"हात लावू नको," मी म्हणालो. "एक श्रुती हाय आणि दुसरा नातजावई."