रिकाम्या हौद्याचं वजन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावालाही नाही. इथं लोकांनी लिहिलेले अनुभव बरेच दिवस वाचतोय आणि खरं सांगतो, अर्ध्याअधिक वेळा हसलोय. सगळं आयुष्य गाड्या चालवण्यात गेलं, नको तिथं मुक्काम पडले, पण भूत-बित कधी डोक्यात आलं नाही. आजही मानतो असं म्हणणार नाही. जे झालं ते लिहितो.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. आमचं गाव कळंब तालुक्यात, येरमाळ्याच्या जवळ. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिलेला. कडबा संपला तसे लोकांनी बैल बाजारात नेऊन मिळेल त्या भावात दिले. मग पेरणीला औत ओढणार कोण? म्हणून गावच्या सोसायटीनं पॉवर टिलर घ्यायचं ठरवलं – दोन चाकांवरचं इंजिन, मागून दांडे धरून चालायचं. सोसायटीची एक जुनी पिकअप होती, जीपच्या जातीची, मागं बुटका हौदा. तिच्यावर मी ड्रायव्हर. वय तेवीस.

टिलर बार्शीहून आणायचा होता. सोबत उत्तम आला. तो सोसायटीच्या गोदामात हमाल; माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, गावच्या बौद्ध वस्तीतला, तोंडाचा फटकळ. फळ्या लावून टिलर चढवला, तर इंजिन कसंबसं आत बसलं आणि दांडे मागं बाहेर. हौद्याचा मागचा फाळका उघडाच ठेवावा लागला. सगळं वजन मागं गेल्यानं मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे पार सपाट झाले, आणि पुढची चाकं जमिनीला टेकलीत का नाही कळेना, स्टेअरिंग इतकं हलकं...

"डायवरसाहेब, घोडं मागच्या पायावर उभं ऱ्हायलंय तुमचं," उत्तम म्हणाला. मग टिलरला बांधलेला दोर आवळला आणि वजन पुढं यावं म्हणून तो हौद्यात केबिनला पाठ लावून बसला. दोराचं उरलेलं टोक त्यानं मनगटाला गुंडाळलं. बैलाचा कासरा धरतात तसं. मी बघितलं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडं जे ओढतं ते असंच धरायची सवय.

सरळ घरी जायचं नव्हतं. नवं अवजार मातीला लागायच्या आधी येडेश्वरीला दाखवायचं, असं चेअरमन अण्णांनी बजावलेलं. येरमाळ्यात देवळाच्या पायथ्याला गाडी लावली, नारळ फोडला, इंजिनाला कुंकू लावलं. मी उत्तमला म्हटलं, "हात तरी जोडा की."

"तुमची देवी तुमी बघा. म्या मशिन धरतो. सुटलं तर देवी येनाराय व्हय धरायला?"

नारळवालाही हसला. मीही हसलो.

येरमाळा सोडल्यावर एक लांब उतार लागतो आणि लगेच छोटा चढ. अण्णा पेट्रोल मोजून द्यायचे. मी त्या उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडायचो. वेगातच चढ निघून जायचा. वाचलेलं पेट्रोल माझ्या फटफटीत. त्या दिवशीही तेच केलं. मागं एवढं वजन असताना.

भर दुपार होती. उताराच्या मध्यावर केबिनच्या टपावर थाप पडली.

एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल – हे आमचं ठरलेलं. एकच पडली. मला वाटलं, दोर ढिला झाला असेल, चढ संपला की बघू. इथं ब्रेक मारला तर वेग मोडणार, इंजिन चालू करावं लागणार... आणखी एक पडली. मग थापांवर थापा. मी दात आवळून चढाकडं बघत राहिलो.

आणि स्टेअरिंग एकदम जड झालं.

मागं वळून बघायची गरज नव्हती. पुढच्या चाकांवर भार आला, म्हणजे हौदा रिकामा झाला.

टिलर रस्त्यावर पडला होता. उत्तम त्याच्याखाली. दोर मनगटालाच होता.

विचारणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगितलं – मला काही ऐकू आलं नाही, त्याचा डोळा लागला असावा. एवढ्यावर थांबलो असतो तरी... पण मी उत्तमचं ते देवळापाशी बोललेलं वाक्यही सांगितलं. पारावर, हसत-हसत नाही, दुःखानंच. दोन दिवसांत गावानं उरलेलं जुळवलं. देवीला हसला, देवीनं सोडलं मशिन. मी 'तसं नाही' म्हणालो नाही. मला ते सोयीचं होतं.

पाऊस पडून गेल्यावरची गोष्ट. अण्णांना घेऊन बार्शीहून परत येत होतो, हौद्यात काडी नव्हती. त्याच उतारावर – आता मी इंजिन बंद करत नव्हतो – स्टेअरिंग हलकं झालं. त्या दिवशी होतं तितकंच. हातांना ते बरोबर ओळखू आलं.

अण्णांनी मागच्या काचेतून बघितलं. "बाळू, हौद्यात काय हाय रं?"

"काय न्हाय, अण्णा."

"मग गाडी मागं का बसायली?"

मी उत्तर द्यायच्या आत टपावर थाप पडली. एकच.

"थांब की! कोन बडवायलंय बघ!"

मी थांबवली. दोघं उतरलो. रस्त्यावर चिटपाखरू नाही. हौदा रिकामा, आणि खालचे पाटे सपाट. आम्ही बघत असताना ते हळूहळू वर आले... कुणीतरी बेतानं उतरावं तसे.

अण्णा माझ्याकडं वळले. मग म्हणाले, "त्या दिशी बी वाजलं हुतं का?"

"न्हाय," मी म्हणालो.

महिन्याभरात अण्णांनी पिकअप विकून टाकली, परंड्याच्या एका भाजीवाल्याला. तो आम्हाला ओळखत नव्हता, त्याला काहीच माहीत नव्हतं. पुढं काही वर्षांनी परंड्याच्या बाजारात गाठ पडली.

"गाडी लई इमानी हाय ओ," तो म्हणाला. "निस्ती रिकामी असली, की उताराला मागनं बसती. पाटे बदलले, तरी तेच."

मी विचारलं, "टपावर आवाज?"

त्यानं हातातला तराजू खाली ठेवला. "तुमाला कसं म्हाईत?"

पाटे, वजन, हवा, मनाचा खेळ – मी सगळं लावून बघितलं. अण्णांचे कान आणि त्या भाजीवाल्याची गाडी त्यात बसत नाहीत. अण्णा आता नाहीत.

गेल्या महिन्यात येरमाळ्याच्या स्टँडवर उत्तमची बायको भेटली, कौसावहिनी. नातवाला घेऊन एसटीची वाट बघत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "भाऊ, तवापासनं हितनं जाताना म्या देवळाकडं मान खाली घालते. आमच्यात न्हाय तसलं. पोरं चिडत्यात. पर लेकरांवर कोप नगं. त्येनी बोलू नये ते बोलले."

मी "एसटी आली" म्हणालो आणि त्यांची पिशवी वर चढवून दिली.

उत्तम झोपला नव्हता. त्याच्यावर कुणाचा कोप नव्हता. त्यानं थाप मारली, मी ऐकली, आणि गाडी थांबवली नाही. एवढं मला कौसावहिनींच्या दारात जाऊन, त्यांच्या पोरांसमोर आणि मग गावासमोर सांगायचं आहे. ते देणं अजून माझ्याकडंच आहे.