बट्टी चोरणाऱ्या कुत्र्याचा मालक

साठ सालाच्या आधीची गोष्ट. भावाचं लग्न नवरीच्या गावी, खानदेशातल्या रनाळ्याला होतं. वऱ्हाडाच्या बैलगाडीखाली सावली धरून माझं कुत्रंही चालत आलं. मी नवरदेवाचा थोरला भाऊ, डोक्यावर उसना फेटा, फेट्याखाली अक्कल कमीच.

पंगत बसायच्या आधीच कुत्र्यानं वरणाबरोबर वाढायच्या तळलेल्या बट्ट्यांच्या टोपलीत तोंड घातलं. नवरीचा काका ओरडला, "हाई कुत्रं कोनं शे?"

नव्या सोयऱ्यांपुढं माझी मान खाली जाईल म्हणून मी कुत्रं नाकारलं, म्हटलं, "मन्हं नही. वाटमा मांगे लागनं व्हई."

मग मांडवातल्या दोघांनी काठ्या उचलल्या. मी नुसता बघत राहिलो. मार खाऊन कुत्रं पळालं ते सरळ माझ्याकडंच, आणि माझ्या पायांमागं लपून थरथरायला लागलं.

काका म्हणाला, "पाव्हना, ते तुमले वळखस. तुमी त्याले काबर वळखत नही?"

अख्खा मांडव हसला. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो.

परतताना त्याला गाडीत मांडीवर घेतलं. पाठीवर वळ उठले होते. त्यानं माझा हात चाटला. चावलं असतं तर बरं झालं असतं.

पुढं जन्मभर लंगडी, खरजुली कुत्री उचलून घरी आणली. लोक मला दयाळू म्हणतात, आणि मी ऐकून घेतो.