न येणारा दवाखाना

अपेक्षा गाडेकर फुलंब्रीची. रोज सकाळच्या एसटीनं शहरात यायची. हर्सूलला गर्दी उतरली तर बसायला जागा मिळायची, नाहीतर उभ्यानंच प्रवास. घरी मका आणि कापूस. वडील नानासाहेब रानातल्या कामापलीकडे फारसं बोलत नसत, आणि त्यांची ही पोरगी मात्र बोलण्यात पटाईत. अनोळखी बाईच्या ओट्यावर टेकली की थोड्या वेळात ती बाई हिला आपल्या सुनेच्या कागाळ्या सांगायला लागायची. अर्थशास्त्रात एम.ए. झाल्यावर तिला एका पाहणी करणाऱ्या संस्थेत जी नोकरी मिळाली ती याच गुणावर.

संस्थेचं ऑफिस औरंगपुऱ्यात, एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर. तिथलं काम ऐकायला साधं होतं. कामगार वस्तीत उद्या दवाखाना काढायचा म्हटला तर तो कसा असावा, हे लोकांनाच विचारायचं. पण "काय हवं?" असं सरळ विचारलं तर माणूस म्हणतो, सगळंच हवं. म्हणून त्याच्यापुढं दोन कार्डं धरायची. एकावर घराजवळचा दवाखाना, पण रांग लांबलचक. दुसऱ्यावर लांबचा, पण गेल्या गेल्या नंबर लागणारा. यातला एक निवडा. मग पुन्हा वेगळी दोन कार्डं, पुन्हा निवड. अशा पुष्कळ माणसांच्या निवडी एकत्र केल्या की लोक कशासाठी काय सोडायला तयार आहेत, हे आकड्यांत दिसू लागतं.

संस्थेच्या प्रमुख प्रमोदिनी मॅडम. बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या, पण शब्दाला पक्क्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्या मुलींना बजावलं होतं, "कार्डावरचा दवाखाना खरा नाही. तो विचारण्यापुरता आहे. म्हणून प्रश्न 'समजा'नंच सुरू करायचा. समजा, असा दवाखाना असता, तर तुम्ही कुठं गेला असता? 'असता' म्हणायचं. 'असेल' नाही."

अपेक्षानं ते वहीत उतरवूनही घेतलं होतं. पण वाळूजजवळच्या बजाजनगरच्या गल्ल्यांत उतरल्यावर तो 'समजा' तिला नडायला लागला. कंपनीतून पाळी करून आलेला माणूस दाराला टेकून म्हणायचा, "समजा-बिमजा राहू द्या मॅडम. दवाखाना होणार आहे की नाही ते सांगा." नाही म्हटलं की त्याचा रस संपायचा. मग कार्डाकडं न बघताच, "हे घ्या, पहिलं. पुढचं? तेही पहिलंच." अशी उत्तरं घेऊन ऑफिसात गेलं की तिथं ती बाद व्हायची.

अशाच एका उन्हाळी दुपारी, दोन-तीन घरांतून हात हलवत परतल्यावर, ती साळूबाईंच्या दारात आली.

साळूबाई मूळच्या गंगापूरकडच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा सोमनाथ वाळूजच्या एका कारखान्यात कामाला, दोघांची एक खोली. साळूबाई गल्लीतल्या बायकांच्या गोधड्या शिवून द्यायच्या. त्या दुपारीही मांडीवर गोधडी होती आणि सुईत दोरा ओवायला शेजारच्या मुलीला हाक मारणं चाललं होतं. अपेक्षानं पुढं होऊन दोरा ओवून दिला. पाणी आलं, गप्पा झाल्या, मग कार्डं निघाली.

साळूबाईंनी विचारलं, "हे खरंच यायलाय का गं, का नुसतं इचारायलीस?"

अपेक्षा दमली होती. डोकं उन्हानं भणभणलेलं. तिच्या तोंडून निघून गेलं, "यायलाय मावशी. तुमच्या सांगण्यावरच ठरणार हाय सगळं."

साळूबाईंनी सुई बाजूला खोचली. कार्डं हातात घेऊन उजेडाकडं धरली. एकेक ओळ अपेक्षाकडून वाचून घेतली, मग विचार करून बोट ठेवलं. प्रत्येक वेळी जवळचा दवाखाना. रांग कितीही मोठी असो.

"लांबचं नको बाई," त्या म्हणाल्या. "माझ्या डोळ्याचंच बघ. शिबिरात तपासलं तर म्हणले, काचबिंदू वाटायलाय, शहरात जाऊन लगेच दाखवा. सोमनाथनं सुट्टी टाकलीय पुढल्या हप्त्यात. पण त्याची पाळी बुडती, माझा जीव वरखाली व्हतो." मग थोडं थांबून, "मग मी थांबू का गं? हितंच व्हणार असला तर?"

अपेक्षा टॅबवर उत्तर नोंदवत होती. "हां मावशी, बघा ना," ती म्हणाली आणि पुढची दोन कार्डं त्यांच्यापुढं धरली.

त्या दिवसापासून अपेक्षाचं काम सुधारलं. 'यायलाय' म्हटलं की लोक खुर्ची पुढं सरकवायचे. नवरा-बायको कार्डांवरून आपसांत भांडायचे, म्हातारी माणसं चष्मा शोधायची. प्रमोदिनी मॅडमनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं, "अपेक्षाच्या मुलाखती बघा. प्रत्येक उत्तर विचार करून दिलेलं." तिनं मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, लाजली.

पावसाळा गेला, दिवाळी झाली. याच माणसांना पुन्हा तेच विचारायचं ठरलं. माणूस आपल्या पसंतीवर कायम राहतो का, हे बघायला. अपेक्षा पुन्हा साळूबाईंच्या दारात उभी राहिली.

गोधडी नव्हती. साळूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. आवाजावरून त्यांनी ओळखलं आणि चेहरा उजळला.

"आली का बाई दवाखान्याची! कवा उघडायलाय गं? मी वाटच बघायले."

त्या पाणी द्यायला उठल्या आणि डाव्या खांद्यानं दाराच्या चौकटीवर आदळल्या. काही झालंच नाही अशा सवयीनं त्यांनी खांदा चोळला. अपेक्षाच्या हातातली कार्डं तशीच राहिली.

"मावशी, डोळा दाखवला का तुम्ही?"

"कुठं गं. सोमनाथनं सुट्टी टाकली व्हती, मीच नको म्हणले. जवळ यायलाय म्हणल्यावर कशाला त्याची पाळी बुडवायची?"

दुसऱ्या दिवशी अपेक्षा रिक्षा घेऊन आली. सोमनाथला तिनं एवढंच सांगितलं, की आमच्या कामात असं कुणी आढळलं तर आम्ही मदत करतो. हे दुसरं खोटं. सोमनाथ भाबडेपणानं म्हणाला, "लई उपकार झाले मॅडम."

शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात दिवसभर तपासण्या चालल्या. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी तिघांना आत बोलावलं.

"डाव्या डोळ्याची नजर गेलीय. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. उजवा डोळा टिकवता येईल, पण थेंब रोज घालायचे, आयुष्यभर." मग सोमनाथकडं बघून, "इतका उशीर का केलात? उन्हाळ्यात आला असतात तर डावाही बराच वाचला असता."

सोमनाथचा चेहरा पडला. "आईच नको म्हणली डॉक्टर. म्हणली, आपल्याकडंच दवाखाना व्हणार हाय." तो आईकडं वळला. "तुला सांगितलं तरी कुणी असं?"

साळूबाईंची मान तिच्या बाजूला किंचित वळली. त्यांना ती दिसत होती की नाही, कोण जाणे.

"लोक म्हणत व्हते," साळूबाई म्हणाल्या. "गल्लीत सगळेच म्हणत व्हते."

गल्लीत सगळे म्हणत होते हेही खरंच होतं. त्यांना सांगणारीही अपेक्षाच होती.

परतीच्या एसटीत खिडकीपाशी बसून अपेक्षा स्वतःशीच वाद घालत राहिली. माझं लक्ष टॅबमध्ये होतं. मला काचबिंदूचं काय कळतं? बाईनं स्वतः चौकशी करायला नको? फुलंब्रीचा फाटा येईपर्यंत एकेक सबब गळून पडली आणि एकच गोष्ट उरली. साळूबाई काय विचारताहेत ते तिनं ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं. फक्त 'थांबू नका, जा' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, दवाखाना खरा आहे का, आणि रंगात आलेली मुलाखत मोडली असती. ती मोडू नये म्हणून तिनं 'हां' म्हटलं होतं.

घरी आईनं ताट वाढलं. तिनं ते तसंच मागं सारलं. नानासाहेबांनी एकदा विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काय नाय." हे तिसरं.

सकाळी ती थेट प्रमोदिनी मॅडमच्या टेबलापुढं उभी राहिली आणि बसायच्या आतच सगळं सांगून टाकलं. खालच्या दुकानातून गिऱ्हाइकाशी चाललेली घासाघीस वरपर्यंत ऐकू येत होती.

"हे एकाच घरात सांगितलंस?"

"नाही मॅडम. त्यानंतर सगळीकडं."

"तुझ्या सगळ्या मुलाखती काढून टाकाव्या लागतील. वर कळवावंही लागेल." त्यांनी चष्मा काढला. "आणि मी तुझं कौतुक करत होते. एकाएकी उत्तरं इतकी चांगली कशी यायला लागली, हे मला विचारायला हवं होतं. नाही विचारलं."

"मला त्या सगळ्या घरांत जायचंय," अपेक्षा म्हणाली. "दवाखाना येत नाही म्हणून सांगायला. आणखी कुणी थांबलं असेल तर?"

"पहिल्या दिवशी मी येते बरोबर."

त्या आल्या. नंतरचे दिवस अपेक्षा एकटीच फिरली. कुणी हसून म्हणालं, "आम्हाला माहीतच होतं, असल्या गोष्टी कुठं होतात?" एका म्हाताऱ्यानं दार लावून घेतलं. मेघा नावाच्या एका सुनेनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आम्ही जे सांगितलं होतं, त्याचं काय केलं?"

"काढून टाकलं. ते धरता येत नाही."

"म्हणजे आम्हाला काय पायजे, ते बी कुणाला कळणार नाय," मेघा म्हणाली.

संस्थेनं पुढं दुसऱ्या मुली पाठवल्या, पण त्या गल्ल्यांत कार्डं बघायला कुणी तयार होईना. शेवटी अहवाल तयार झाला तो तेवढी वस्ती वगळून.

साळूबाईंचं घर तिनं सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. गेली तेव्हा सोमनाथ घरीच होता. तिनं उंबऱ्याबाहेर उभी राहूनच सांगितलं. तो ऐकता ऐकता उठून उभा राहिला.

"आणि दवाखान्यात माझ्याकडून उपकार म्हणवून घेतले व्हय तुम्ही? मी आईवर चिडलो, घरी येऊन लई बोललो तिला. तुम्हाला कार्डं खेळायची व्हती, तिचा डोळा गेला!" तो तिच्या अंगावरून बाहेर निघून गेला.

साळूबाई आतून म्हणाल्या, "मी तुला इचारलं व्हतं ना गं. थांबू का म्हणून."

"व्हय मावशी."

"तू हां म्हणलीस."

"व्हय."

अपेक्षा उंबऱ्याबाहेरूनच निघाली.

नोकरी गेली. संस्थेनं काढलं नसतं तरी तिच्यानं पुन्हा कार्डं हातात धरवली नसती. फुलंब्रीतल्या एका खाजगी शिकवणीत ती मुलांना गणित शिकवू लागली. साळूबाईंना डोळ्याचा दाब तपासायला ठरावीक दिवसांनी शहरात न्यावं लागायचं. अपेक्षानं सोमनाथला निरोप पाठवला, मी नेत जाईन. त्याचं उत्तर आलं नाही. पुन्हा पाठवला. शेवटी सुट्टी मिळेना तेव्हा त्याचा तुटक फोन आला, "उद्या सकाळी या."

तेव्हापासून ती नेते. सोमनाथ तिच्याशी कामापुरतंच बोलतो. साळूबाईही पूर्वीसारख्या गप्पा मारत नाहीत. एकदा बसथांब्यावर उभ्या असताना अपेक्षानं धीर करून विचारलं, "मावशी, त्या दिवशी डॉक्टरीणबाईसमोर माझं नाव का घेतलं नाय?"

"सोमनाथ तापट हाय. तिथंच वरडला असता, लोक जमले असते. पोरीची जात तू." साळूबाईंनी पदर सारखा केला. "म्हणून नाय घेतलं. माफ केलं म्हणून नाय."

"व्हय," अपेक्षा म्हणाली.

बस येताना दिसली. थांब्यावरची माणसं पुढं सरकली तशा साळूबाई चाचपडल्या, त्यांनी हात पुढं केला.

"डाव्या अंगाला ये," त्या म्हणाल्या. "तिकडचं दिसत नाय मला."

अपेक्षा त्यांच्या मागून वळसा घालून डाव्या बाजूला गेली आणि तिनं कोपर पुढं केलं.